नाव माकडाचे, ताप माणसाचा

माघ महिना सरू लागला की आमच्या खानापूर तालुक्यातील शाळांच्या हजेरीपटावर लाल शाईच्या खुणा वाढू लागतात. तिकडे सत्तरीत आणि दोडामार्गच्या पट्ट्यात काजूचा हंगाम सुरू झालेला असतो. चोर्ला घाट उतरून माणसे बागा साफ करायला, बोंडे वेचायला, बी सुटी करायला जातात आणि आईबापांच्या पाठोपाठ पाचवी-सहावीची मुलेही जातात. मुख्याध्यापक या नात्याने ही गळती आम्ही वर्षानुवर्षे नोंदवीत आलो आहोत. वर कळवायची, वरून ‘गळती थांबवा’ असे उत्तर यायचे, आणि जूनमध्ये मुले काळवंडून परत यायची. हा क्रम इतका नित्याचा झाला होता की त्यात काही भय दडले असेल अशी शंकाही कोणास येत नसे.

२०१६ साली हे चित्र बदलले. काजूच्या बागांत कामाला गेलेले बेळगाव जिल्ह्यातील काही मजूर तापाने फणफणून गावी परतले. हा ताप साधा नसून ‘माकडताप’ आहे, असे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील तपासणीत निष्पन्न झाले. आदल्या वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्येच सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात या रोगाने पाय टाकला होता. आरोग्य खात्याचे पत्रक शाळेच्या फलकावर लावण्यासाठी आमच्याकडे आले. मराठीचे एम.ए. झालेल्या माणसास वैद्यकातले कितीसे कळणार? पण फलकावर लावलेला मजकूर मुलांनी विचारला तर समजावून सांगता यावा, एवढ्यासाठी आम्ही या विषयावरचे मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचता वाचता गुंतत गेलो.

आमचे पहिले अडखळणे अर्थातच शब्दापाशी झाले. ‘माकडताप’ या नावाने सारा दोष माकडाच्या माथी मारला आहे. शेजारच्या कन्नड मुलखातही त्यास ‘मंगन काईले’, म्हणजे माकडाचा आजार, असेच म्हणतात. वस्तुस्थिती अशी की या रोगात माकड हे आपल्यासारखेच बळी आहे. किंबहुना आपल्याहून अधिक. मराठीने काळ्या तोंडाचे ते वानर आणि लाल तोंडाचे ते माकड असा भेद केला आहे. या रोगाने तसा भेद केलेला नाही, तो दोघांनाही मारतो. शास्त्रीय नाव तरी न्याय्य असेल म्हणावे, तर ते आहे ‘क्यासनूर अरण्य रोग’. शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यातले क्यासनूर हे एक गाव. त्या बापड्या गावाने कोणाचे काय केले होते? आफ्रिकेतील एबोला ही एक नदी आणि मलेशियातील निपाह हे एक खेडे, त्यांचीही हीच गत झाली. पुढे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, नव्या रोगांना गावांची, माणसांची किंवा प्राण्यांची नावे देऊ नयेत अशी सूचना काढली. क्यासनूरच्या लोकांना तिचा उपयोग होण्यास जवळजवळ साठ वर्षांचा उशीर झाला होता.

त्या गावाची कथा मात्र मुळापासून सांगण्यासारखी आहे. १९५७ सालच्या मार्च महिन्यात, म्हणजे तो भाग अजून मैसूर राज्यात होता तेव्हा, तिथल्या रानात माकडे मरून पडू लागली. त्याच सुमारास रानात जाणारी माणसेही तीव्र तापाने अंथरुणास खिळू लागली. या दोहोंचा काही संबंध आहे, हे प्रथम ध्यानात आले ते गावकऱ्यांच्या. सूक्ष्मदर्शक यंत्र त्यांनी पाहिलेही नव्हते. पण रानात काय नित्याचे आणि काय विपरीत, हे त्यांना ठाऊक होते. आम्हांला या साऱ्या इतिहासात ही गोष्ट मोठी वाटते. संशोधनाच्या ग्रंथांत ती एका वाक्यात उरकलेली असते.

पुण्यास तेव्हा ‘विषाणू संशोधन केंद्र’ होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ साली ते स्थापले होते; आजची राष्ट्रीय संस्था ती हीच, १९७८ मध्ये तिचे नामांतर झाले. माकडे मरतात आणि माणसांना ताप येतो, ही वार्ता ऐकताच तेथील शास्त्रज्ञांच्या काळजात धस्स झाले असल्यास नवल नाही. कारण आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत पीतज्वर हा रोग माकडांत व माणसांत पसरतो. भारतात तो कधी आलेला नाही. पण तो पसरवणारा डास आपल्या घराघरांत आहे. एकदा का तो आला तर शहरेच्या शहरे आडवी होतील, ही धास्ती होती. केंद्राचे संचालक टेल्फर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी हॅरॉल्ड ट्रॅपिडो प्रभृती मंडळी क्यासनूरच्या रानात उतरली. मेलेल्या माकडांतून आणि आजारी माणसांतून त्यांनी विषाणू वेगळा काढला. तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे नाते निघाले ते थेट रशियाच्या थंडगार अरण्यांत गोचिडांमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी! उष्ण कटिबंधातील शिमोग्याच्या रानात सैबेरियाचा भाऊबंद सापडावा, हे कोडेच होते.

या कोड्याने पुढे एक चमत्कारिक वळण घेतले. थंडीत उत्तरेकडून आपल्याकडे लक्षावधी पक्षी येतात. त्यांच्या अंगावरील गोचिडांबरोबर हा विषाणू आला असेल काय, अशी शंका निघाली. ती तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवण्याचे मोठे काम हाती घेतले. पुढे या कामास अमेरिकन लष्कराशी संबंधित योजनेतूनही पैसा मिळाला. झाले! रोगजंतूंच्या युद्धाची ही तयारी तर नव्हे, असा गदारोळ १९७४-७५ च्या सुमारास उठला आणि प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेले. ज्या वृद्ध पक्षितज्ज्ञाने उभे आयुष्य पाखरांच्या मागे घालवले, त्याच्याभोवती असे संशयाचे धुके जमावे, यास काय म्हणावे? पक्ष्यांनी हा विषाणू आणला, असा पुरावा काही मिळाला नाही. मात्र त्या निमित्ताने आपल्या देशात येणाऱ्या-जाणाऱ्या पाखरांची जी माहिती जमली, ती आजही अभ्यासकांना उपयोगी पडते. (विषाणूचे अगदी सख्खे म्हणावे असे भावंड पुढे १९९४-९५ च्या सुमारास सौदी अरेबियात, जेद्दा शहरी सापडले. तेव्हा कूळ शोधणाऱ्यांनी केवळ उत्तरेकडे पाहून भागणार नाही, हे उघड आहे.)

असो. खरा गुन्हेगार कोण? तर गोचीड. तीही गाईम्हशींच्या कानात फुगून बसलेली, आपल्या नित्य परिचयाची मोठी गोचीड नव्हे, तर तिची पोरवयातली अवस्था. आमच्या सातवीच्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा मुलांचे ज्ञान पाहून आम्ही थक्क झालो. पाठ्यपुस्तकातील प्राणी शिकवताना जांभया देणारी मुले गोचिडीवर तावातावाने बोलू लागली. एकाने सांगितले की दिवाळीनंतर रानात गेले की पायांवर ‘भुरभुरीत’ काहीतरी चढते आणि रात्रभर खाज सुटते. शास्त्रज्ञ सांगतात तेही हेच आहे. पाऊस संपता संपता रानातल्या पाचोळ्यात अंड्यांतून सहा पायांची पिल्ले बाहेर पडतात. ती उंदीर, चिचुंद्री, खार, पाखरू असे लहान जीव गाठतात, रक्त पितात, गळून पडतात आणि कात टाकून आठ पायांची होतात. ही आठ पायांची, तिळाहूनही लहान अशी मध्यावस्था डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत गवताच्या पात्यांवर टपून असते. माकड जमिनीवर उतरले की माकडाला, माणूस आला की माणसाला. पूर्ण वाढलेली गोचीड मग गुरांवर बसते, पोटभर रक्त पिऊन टम्म होते आणि पाचोळ्यात पडून हजारो अंडी घालते. गुरांना या रोगाचा त्रास होत नाही. पण गोचिडींचे गोकुळ वाढते ते त्यांच्याच जिवावर. माणसापासून माणसाला मात्र हा ताप लागत नाही. रोग्याजवळ बसायला भिणाऱ्या शेजाऱ्यांना ही गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो.

हंगामाचा हा हिशोब एकदा कळला की काजूच्या हंगामाशी त्याचे गणित किती क्रूरपणे जुळते, हे निराळे सांगायला नको.

आता आमच्या मते या संपूर्ण संशोधनातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग. पुण्याच्या केंद्रात होर्हे बोशेल-मान्रिके नावाचे कोलंबिया देशाचे एक डॉक्टर काम करीत. आपल्या मायदेशी त्यांनी रानातल्या पीतज्वराचा अभ्यास केला होता. तिथली एक हकीकत प्रसिद्ध आहे. लाकूडतोडे एक उंच झाड पाडीत असता बोशेल पाहत उभे होते. झाड कोसळले आणि त्याच्या शेंड्यावर एरवी राहणाऱ्या निळसर डासांचा थवा तोडणाऱ्यांभोवती घोंगावू लागला. उंचावर माकडांत फिरणारा रोग कुऱ्हाडीसरशी माणसाच्या उंचीवर आला, हे त्यांनी त्या एका दृश्यात ओळखले. तीच दृष्टी घेऊन ते शिमोग्याच्या रानाकडे पाहू लागले. १९६९ साली त्यांनी मांडले ते थोडक्यात असे की हा विषाणू त्या अरण्यात बहुधा पूर्वीपासूनच गुपचूप नांदत असावा. लोकवस्ती वाढली, रान तोडून भातखाचरे झाली, गुरे रानात चरायला जाऊ लागली. दाट अरण्याच्या जागी झुडपे, गवत आणि शेते यांची गोधडी तयार झाली. त्या गोधडीच्या शिवणीशिवणीवर गोचीड माजली, आणि निजलेला रोग जागा झाला.

ही ‘शिवण’ आम्हांला फार जवळची वाटते. आमचा सारा तालुकाच रान आणि शेत यांच्या शिवणीवर वसला आहे. पुढे १९८२ ते ८४ या काळात दक्षिण कन्नड जिल्ह्याच्या बेळतंगडी तालुक्यात या रोगाने मोठे थैमान घातले, तेही नैसर्गिक रान तोडून काजूची लागवड करण्याचे काम जिथे चालले होते, त्याच परिसरात. २०१२-१३ नंतर बंदीपूर, निलगिरी, वायनाड असे करीत तो सह्याद्रीच्या दोन्ही टोकांकडे पसरताना दिसला. २०१८ च्या अखेरीस जोगच्या धबधब्याजवळील अरळगोडू परिसरात त्याने पुन्हा बळी घेतले. सरासरीने पाहू जाता दरवर्षी चारशे-पाचशे माणसांना हा ताप येतो आणि शंभरांत तीन ते पाच दगावतात. एकाएकी थंडी वाजून ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंग मोडून येणे, काहींना नाका-हिरड्यांतून रक्त. काहींना बरे वाटून आठवडा-दोन आठवड्यांनी तो पुन्हा उलटतो, तेव्हा मेंदूवर परिणाम करतो. त्यावर खास असे औषध नाही. वेळेवर इस्पितळात नेणे आणि शुश्रूषा, एवढेच हाती आहे.

चारशे-पाचशे हा आकडा देशाच्या लोकसंख्येपुढे किरकोळ वाटेल. दिल्लीतल्या फायलीत तो तसा वाटलाही असेल. परंतु ही माणसे कोण आहेत ते पाहा. सरपण आणणारी बाई, पाला गोळा करणारा शेतकरी, गुराखी, वनमजूर, काजू वेचणारे. एकाही बंगल्यात हा रोग शिरल्याचे आमच्या वाचनात नाही. संशोधकांपैकी मात्र अनेकांना त्याने गाठले. प्रयोगशाळेत या विषाणूवर काम करता करता कितीतरी कर्मचाऱ्यांना लागण झाली. डॉ. टी. रामचंद्र राव, डॉ. खुर्शीद पावरी अशा आपल्याकडील शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे या कामाची धुरा वाहिली. पावरीबाई तर १९७८ पासून दहा वर्षे पुण्याच्या संस्थेच्या प्रमुख होत्या. क्रिकेटपटूंची नावे मुखोद्गत असणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना ही नावे ठाऊक नसतात, आणि पाठ्यपुस्तकातही ती नाहीत.

फलकावर लावलेल्या पत्रकातील पहिली सूचना होती, ‘रानात जाणे टाळा.’ पालकसभेत आम्ही ती वाचून दाखवली. मागच्या रांगेतील एक आई उठून उभी राहिली आणि म्हणाली, “रानात जाऊचं न्हाई म्हंतासा, मग चुलीत काय घालूचं, गुरुजी?” सभेत हशा पिकला. तिचा प्रश्न मात्र हशावारी नेण्यासारखा नव्हता. रानात न जाण्याची मुभा ज्यांना आहे, त्यांनी रानात गेल्यावाचून ज्यांची चूल पेटत नाही त्यांना दिलेली ही सूचना होती. पत्रक लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण साठ वर्षांच्या संशोधनाचे सार जर एवढ्याच चार शब्दांत उतरत असेल, तर त्या संशोधनाचा आणि त्या चुलीचा मेळ कोणी घालायचा? आम्ही पत्रक बाजूस ठेवले आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिचारिकाबाईंना पुढील सूचना सभेस तोंडी सांगण्याची विनंती केली. अंगभर कपडे घालावेत. रानात पाचोळ्यावर बसू नये. परतल्यावर गरम पाण्याने साबण लावून आंघोळ करावी आणि कपडे गरम पाण्यात टाकावेत. अंगाला गोचीड दिसली तर न चिरडता काढावी. हे ऐकताना माना डोलू लागल्या, कारण यात कोणाची चूल विझत नव्हती.

मग निघाला वानराचा प्रश्न, आणि तो सर्वांत नाजूक होता. आमच्या खेड्यांत वानर मेले तर ते कोणी उकिरड्यावर टाकीत नाही. तो मारुतीरायाचा अवतार. त्यास हळदकुंकू वाहतात, नवे वस्त्र घालतात, तिरडीवरून वाजतगाजत नेतात आणि पुरतात. काही गावांत त्यावर लहानशी घुमटीही उभी राहते. या श्रद्धेची टवाळी करणाऱ्यांत आम्ही नाही. मेलेल्या प्राण्यास मानाने निरोप देणारा समाज हा संस्कृतीच्या पायरीवर खालचा नव्हे. परंतु माकड मेले की थंड होत चाललेल्या देहावरून गोचिडी उतरतात आणि त्याच जागी नव्या यजमानाची वाट पाहतात. तेव्हा तिरडीला खांदा देणारा सर्वांत आधी सापडतो. सहावीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, “मेलेलं वानर दिसलं तर देवळात सांगायचं की दवाखान्यात?” आम्ही गावच्या पुजाऱ्यांनाच उत्तर देण्यास सांगितले. ते क्षणभर थांबून म्हणाले, “आधी दवाखान्यात. त्यांचे लोक येऊन औषध मारून झालं की मग लांबूनच फूल वाहू. मारुतीरायालाच संजीवनी आणावी लागली होती. औषधाचं त्याला वावडं नाही.” आमच्या शंभर पत्रकांनी जे झाले नसते ते त्या एका वाक्याने झाले. माकडाच्या मरणाची वर्दी हीच रोगाची पहिली वर्दी असते, हे क्यासनूरच्या गावकऱ्यांनी १९५७ मध्येच ओळखले होते. आजही आरोग्य खात्याची सारी मदार त्याच वर्दीवर आहे.

लसीबद्दल मुले हमखास विचारतात. लस होती. कर्नाटकात १९९० पासून ती दिली जात असे. महिन्याच्या अंतराने दोन टोचण्या, मग सहा ते नऊ महिन्यांनी तिसरी, आणि पुढे दरवर्षी एक. टोचलेली जागा चांगलीच दुखायची, त्यामुळे पहिली घेतलेला माणूस दुसरीस सापडत नसे. २००५ ते २०१० या काळाच्या पाहणीत दोन मात्रा घेतलेल्यांना सुमारे ६२ टक्के आणि पुढची मात्रा घेतलेल्यांना सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले; एकच मात्रा घेतलेल्यास लाभ जवळजवळ नाही. पुढे तर तिचा गुण फारसा येत नाही असे आढळून आल्याने २०२२ मध्ये ती बंदच करण्यात आली. नव्या लसीचे काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हाती घेतले आहे. जगात कोविडची लस वर्षभरात निघू शकते, हे या मुलांनी डोळ्यांनी पाहिले आहे. १९५७ साली सापडलेल्या रोगाच्या चांगल्या लसीस इतका काळ का लागतो, या त्यांच्या प्रश्नास आमच्यापाशी एकच उत्तर आहे आणि ते वर्गात सांगण्यासारखे नाही.

तोवर आहे ते ‘डेपा’ नावाचे, आपल्या संरक्षण खात्याच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेले तेल. रानात जाण्यापूर्वी हातापायांस चोळले की काही तास गोचीड जवळ येत नाही. परिचारिकाबाईंनी ते सभेत फिरवले. ज्यांनी चुलीचा प्रश्न विचारला होता, त्याच माउलीने तळहातावर घेऊन त्याचा वास घेतला आणि विचारले, “आणि दुपारी ह्याच हातांनी भाकरी खाऊची काय?” साबणाने हात धुऊन खा, असे बाईंनी सांगितले. ती जरा विचारात पडली, मग शेजारणीकडे वळून म्हणाली, “मग पाण्याचा कॅन एक जास्तीचा न्यायला पायजे.”